दाराबाहेरची खुर्ची

९ सप्टेंबर २०२५

१९७५ सालच्या नोव्हेंबरात नाशिक रोडच्या पलीकडे आमची लँब्रेटा बंद पडली होती. पेट्रोल संपलं होतं. हे त्या दिवशी नव्यानेच फ्रीमेसन या बंधुमंडळात दाखल झाले होते, आणि मी तीन तास त्यांच्या सभेच्या जागेच्या, लॉजच्या आवारातल्या बाकावर बसून त्यांची वाट पाहिली होती. हे स्कूटर ढकलत होते आणि त्यांची चामडी पेटी डोक्यावर घेऊन मी मागून चालत होते, स्टेशनवरच्या हमालासारखी. मागे वळून बघत, हसत हसत हे मध्येच थांबायचे. एका दिव्याच्या खांबाखाली त्यांनी खिशातून पांढऱ्या हातमोज्यांचा जोड काढून मला दिला. बायकांच्या मापाचा. "हा तुझा. तिथली जुनी पद्धत आहे." मी विचारलं, "आणि आत काय करता तुम्ही लोक?" "पाठांतर," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "मोहिनी, ते बाहेर कोणाला सांगायचं नाही, असा शब्द दिलाय मी." मी म्हटलं, "मग मी कधी विचारणार नाही." पुढे एका टपरीवर भजी खाल्ली. भजी कच्ची होती.

एवढीशी गोष्ट. आज सकाळी कपाटात तेच हातमोजे सापडले आणि सगळं आठवलं. त्यातल्या एका अंगठ्यावर तपकिरी डाग आहे. केकचं भांडं मी त्या हातमोज्यांनी उचलत असे. काय कळत होतं तेव्हा!

ही वही यशश्रीने बंगळुरूहून पाठवली. डॉक्टर म्हणाले, यांच्या दिवसभराच्या वागण्याची नोंद ठेवा. आमच्या मुलीला वाटतं, आईलाही लिहून बरं वाटेल. तर नोंद अशी: विश्वेश, वय अठ्ठ्याहत्तर. विसरण्याचा आजार, अडीच वर्षं. आज कंगवा हातात धरून तो कशाचा आहे हे विचारलं. दुपारी वरण-भात नीट जेवले.

१४ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही, असा विचार करत होते. डॉक्टरांना हे पान दाखवणार नाही.

गेले आठ दिवस संध्याकाळी बरोबर सातला हे खुर्चीतून उठतात. शर्टाचं वरचं बटण लावतात, खिडकीशी ताठ उभे राहतात आणि इंग्रजीत बोलायला लागतात. स्वच्छ, एकेक शब्द वजन करून. सकाळी स्वतःच्या मुलीचं नाव न आठवणारा माणूस! यांच्या घराण्यात तीर्थोपाध्येपण होतं. सासरे रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूच्या सात पिढ्या वहीत न बघता सांगत. यांनी अंबडला कारखाना काढला, मापं तपासायची गेज बनवली, पण पाठांतर रक्तातून गेलं नाही. लॉजमध्ये सगळं तोंडपाठ म्हणावं लागतं, हातात कागद चालत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे.

मी आनंदाने ऐकत बसले होते. दोन-तीन वाक्यं कानांवर पडली आणि एकदम लक्षात आलं, हे तेच. जे कोणाला ऐकू द्यायचं नाही, ते हे माझ्यासमोर म्हणत आहेत. त्यांना कळत नाही. पण मला कळतं ना!

मी उठले, बाहेर आले, दार ओढून घेतलं. दाराबाहेर पॅसेजमध्ये वेताची खुर्ची टाकली आणि रेडिओ मोठा केला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, आपल्यासाठी नसलेलं ऐकणं हीसुद्धा चोरीच. आता या माणसाकडे स्वतःचं असं काय उरलंय? कारखाना विकला. सही जमत नाही. उरलाय तो पन्नास वर्षं पाळलेला शब्द. तो त्यांच्या हातून, आणि तोही माझ्यापाशी, मोडू द्यायचा नाही.

छायाला मात्र आत बसवलं. त्यांना एकटं सोडता येत नाही आणि तिला इंग्रजी येत नाही. छाया मखमलाबादची, घरचे झेंडू-शेवंती लावतात. ती दुपारी बारा ते रात्री आठ यांच्यापाशी असते. तिने विचारलं, "काकू, ते काका जायचे त्या जादूघरातलं हाय का हे? आमच्या सासूबाई म्हनायच्या, तिथं मुंडकं बोलतं."

"मुंडकं नाही गं, माणसंच बोलतात."

"मग तुम्ही का भायेर बसता?"

मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

१५ सप्टेंबर

मला आज "टायलर" म्हणाले. चहा देत होते तेव्हा. टायलर म्हणजे लॉजच्या दाराबाहेर तलवार घेऊन बसणारा माणूस. बैठक संपेपर्यंत तो बाहेरच बसतो, परक्याला आत येऊ देत नाही. मी म्हटलं, "अहो, मी मोहिनी." हसले, आणि पुन्हा म्हणाले, "टायलर."

म्हणजे आता मीही गेले.

२ ऑक्टोबर

आल्हाद आले होते. सध्याचे लॉजचे मास्टर, म्हणजे अध्यक्ष. वय पंचावन्नच्या आत-बाहेर, खरं तर मला काकू म्हणायचं वय, पण लॉजमध्ये सगळे भाऊ, म्हणून माझ्या मुलाच्या वयाचेही मला वहिनी म्हणतात.

"वहिनी, बावीस नोव्हेंबरला विश्वेशभाऊंना पन्नास वर्षं होतात. पदक द्यायचंय. घरी आणून देणार नाही, तिथेच देणार."

मी म्हटलं, "ते तिथे काय करतील, माहीत नाही. परवा पाहुण्यांसमोर शर्ट काढला."

"काढू देत. तिथे सगळे भाऊच आहेत."

"आणि लोक म्हणतील काय झालं या माणसाचं?"

आल्हाद म्हणाले, "अडीच वर्षांपूर्वी निदान झालं तेव्हा भाऊंनी माझ्याकडून एक कबूल करून घेतलंय. त्या दिवशी मला शेवटी पाच मिनिटं बोलायला द्या, म्हणाले. काय बोलणार ते मला माहीत नाही. त्यांना आठवतंय का, तेही नाही. पण वेळ मी राखून ठेवलाय."

कसलं बोलणं असणार! जयपूर फूटची शिबिरं, रक्तपेढी, कुंभातली रुग्णवाहिका, सगळ्यांचे आभार. तेवढं आता होणार नाही.

मग मी हिय्या करून सातच्या पाठांतराचं सांगितलं. आल्हाद पुढे सरकले. "सुरुवात कशी होते?"

"ते मी सांगायचं म्हणजे ऐकल्यासारखंच झालं. मी दाराबाहेर असते."

"रोज?"

"रोज."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, थोडं ऐकलंत तरी काही बिघडणार नाही हो. अर्धं तर हल्ली छापील मिळतं."

"छापणाऱ्यांनी शब्द दिला नसेल," मी म्हटलं.

न्यायचं की नाही ते मी अजून सांगितलेलं नाही.

११ ऑक्टोबर

यशश्रीचा फोन. न्यायचं नाही म्हणते. "आई, बाबांची शोभा करणार आहात तुम्ही सगळे." आणि मग, "पन्नास वर्षं त्यांनी तुला दाराबाहेर बसवलं, आणि आता तू स्वतःच्या घरात स्वतःहून बाहेर बसतेस. तुला राग कसा येत नाही?"

येतो. इथे लिहायला हरकत नाही. यशश्री सहा वर्षांची असताना तिला टायफॉईड झाला, तेव्हा हे चांदवडला शिबिरात होते. चौदा लोकांचे पाय बसवायचे राहिलेत, संपवून येतो, असा निरोप आला. मी पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि मनात म्हणत होते, या माणसाला दुसऱ्यांचे पाय दिसतात. पत्रिकांवर त्यांचं नाव छापून आलं, स्मरणिकेत फोटो आले, मानपत्रं मिळाली. कोणत्याही भाषणात त्यांनी माझं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. अपेक्षा नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

आज छाया म्हणाली, "काकू, काका त्येच्यात तुमचं नाव घेत्यात."

"माझं नाही गं. इंग्रजीत 'मेनी' असा शब्द आहे. मेनी म्हणजे पुष्कळ."

"नाय. मोहिनी म्हनत्यात. मला का ऐकू येत नाय?"

तिचं मन चांगलं आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सहादू आला होता चांदवडहून, दरवर्षीसारखा कांद्याची पिशवी घेऊन. पंचवीस वर्षांपूर्वी पिंपळगावच्या बाजारात टेम्पोखाली पाय गेला, आणि यांच्या शिबिरात नवा मिळाला. "वळखलं का सायेब?" म्हणून समोर उभा राहिला. हे त्याच्याकडे परक्यासारखे बघत राहिले. सहादूचं तोंड उतरलं. "लयच झालं का हो वहिनी?"

तेवढ्यात हे खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले. त्याची विजार वर केली आणि अंगठ्याने पायाची कड चाचपली, जिथे कातडं आणि फायबर मिळतं तिथे. एका जागी थांबले. दाबलं. सहादूने श्वास आत घेतला.

"इथंच टोचतं सायेब. दोन महिनं झालं. कुनाला बोललो नाय."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "टायलर, यांना आत घ्या."

मी सहादूला स्वयंपाकघरात नेऊन फराळ दिला. तो खाताना रडत होता. आल्हादना फोन करून त्याच्या पायाचं सांगितलं, आणि त्याच फोनवर, बावीसला आम्ही येतो असंही सांगितलं.

८ नोव्हेंबर

सात वाजता मी बाहेर होते. रेडिओवर कोणीतरी खतांविषयी बोलत होतं. दार उघडून छाया आली. "काकू, काका अडकले."

मी दारातून बघितलं. खिडकीशी उभे होते, ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. डोळ्यांतून पाणी. अडकलेल्या शब्दासाठी हा माणूस रडत होता, जसा आईवडिलांसाठीसुद्धा रडला नाही. माझ्याकडे बघून हात पुढे केला. पुढचा शब्द मागत होते. आणि माझ्याकडे तो नव्हता.

कॉन्व्हेंटमध्ये नाटकाच्या वेळी मी विंगेत पुस्तक घेऊन बसत असे, अडलेल्या मुलींना शब्द पुरवायला. हेच काम मला सगळ्यांत चांगलं जमायचं. दोन महिने दाराआड बसले नसते, तर आज यांना शब्द देता आला असता.

मी चुकले का? त्यांचा शब्द राखण्यात की माझा अभिमान राखण्यात, मी कशात गुंतले होते? झोपताना पुन्हा पुन्हा तेच मनात आलं. उद्याही मी बाहेरच बसेन. आता मध्येच नियम बदलला तर या दोन महिन्यांना काय अर्थ राहिला?

२१ नोव्हेंबर

लॉजमध्ये कमरेला बांधायचा त्यांचा ॲप्रन कपाटातून काढला. कोकराच्या कातड्याचा, कडेला निळी पट्टी. पट्टीवरच फक्त हलकी इस्त्री फिरवली. गेल्या आठवड्यात पाठांतर तीनदाच झालं आणि परवा तर पहिल्या वाक्यातच थांबलं. छाया म्हणते, "मी येते उद्या. मला बघूनच ते औषध घेत्यात." तिला जादूघर बघायचंय, हेही खरं.

२३ नोव्हेंबर

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहिते.

पावणेपाचला पोचलो. बाक तोच आहे, नवा रंग दिलेला. आल्हाद आणि आणखी एका भावाने यांना हाताला धरून आत नेलं. दार लागलं. टायलर, एक निवृत्त पोस्टमास्तर, तलवार मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. "बसा वहिनी, आपल्या दोघांनाही सवय आहे," म्हणाले. बाकावर मी आणि छाया. आतून मध्येच ठोके ऐकू येत होते. छाया माझा हात घट्ट धरून बसली होती, मुंडक्याच्या भीतीने.

तासाभराने आल्हाद स्वतः बाहेर आले. "वहिनी, आतलं काम आम्ही बंद केलंय. आता हा नुसता हॉल आहे. चला."

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मी त्या दारातून आत गेले. काय असेल असं वाटलं होतं कोणास ठाऊक. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, भिंतीकडेने खुर्च्या, तीन उंच मेणबत्त्या, आणि पंखा कुरकुरतोय. शाळेच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटलं.

यांना पदक लावलं. मग आल्हाद म्हणाले, "भाऊ, तुमची पाच मिनिटं."

हे उठले. वरचं बटण चाचपलं. ताठ उभे राहिले आणि थांबले. लॉजचा एक शिरस्ता आहे, तो मला नंतर कळला: अडलेल्याला ज्याने शब्द द्यायचा तो एकच ठरलेला असतो, बाकीच्यांनी गप्प राहायचं. पण हे काय म्हणणार तेच कोणाला माहीत नव्हतं, तर शब्द देणार कोण? चाळीस माणसं, आणि पंख्याचा आवाज. मी खाली बघत होते. यशश्रीचं ऐकायला हवं होतं, असं मनात येत होतं. आल्हाद खिशातून एक पाकीट काढत होते.

तेवढ्यात मागून छायाचा आवाज आला. हातात पाण्याची बाटली, पदर खोचलेला. "काका, ब्रदर्न, एव्हरी लॉज ह्याज अ टायलर. म्हना ना. एव्हरी लॉज ह्याज अ टायलर."

दोन महिने ती रोज तिथे बसत होती. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण एकही शब्द खाली पडू दिला नव्हता.

यांचा चेहरा उजळला. आणि बोलायला लागले. आवाज तोच, वजन करून. त्या इंग्रजीचा मराठीत अर्थ एवढा: बंधूंनो, प्रत्येक लॉजला एक टायलर असतो. तो दाराबाहेर बसतो. आतलं काम तो बघत नाही आणि तो बसल्याशिवाय आतलं काम सुरू होत नाही. आपण भाषणांत सगळ्यांचे आभार मानतो, त्याचे मानायचे राहतात. माझ्या घरालाही एक टायलर आहे. तिचं नाव मोहिनी.

इथे ते थांबले. छायाने पुढचा शब्द दिला, पण त्यांनी मान हलवली. फरशी ओलांडून माझ्यासमोर आले आणि हात पुढे केला.

"टायलर," म्हणाले.

पंधरा सप्टेंबरला मी या वहीत काय लिहिलं होतं ते आत्ता मागे जाऊन वाचलं. खोडणार नाही. राहू दे.

निघताना आल्हादनी ते पाकीट न उघडताच माझ्या हातात दिलं. वर यांच्या अक्षरात लिहिलंय: "मला आठवलं नाही तर." तारीख १७ एप्रिल २०२३. निदानाच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे तेव्हापासून हे बसून पाठ करत होते, आणि मला वाटायचं कारखान्याचे कागद बघतात. सप्टेंबरपासून रोज सातला मला ऐकवत होते. आणि मी रेडिओ लावत होते.

कागद दीड पानांचा आहे. टायफॉईडचंही त्यात आहे, तारखेसकट. शेवटची ओळ इथे लिहीत नाही.

३ डिसेंबर

बावीसनंतर ते बोललेले नाहीत, एक शब्दही नाही. डॉक्टर म्हणतात, आजार पुढच्या पायरीवर गेला. आता सातला मी आत बसते, दार उघडं ठेवून, आणि कागद वाचते. ते ऐकतात. माझे उच्चार चुकले की भुवई उचलतात. कदाचित मला तसं वाटत असेल.

९ जानेवारी २०२६

हे मंगळवारी सकाळी गेले. चहा अर्धा प्यायले होते.

लॉजचे सगळे भाऊ आले, पांढरे हातमोजे घालून. प्रत्येकाच्या हातात यांच्यावर ठेवायला बाभळीची एकेक हिरवी डहाळी होती, तशी त्यांची रीत आहे. छाया कुजबुजली, "काकू, काटे टोचतील ना काकांना." आल्हादनी ते ऐकलं. स्वतःच्या डहाळीचे काटे मोडून काढले आणि मगच ठेवली. मग बाकीच्यांनीही. न्यायला त्यामुळे थोडा उशीर झाला. चांदवडहून आलेला सहादू अमरधामपर्यंत चालत गेला. नवा पाय टोचत नाही म्हणाला.

२० जानेवारी

यशश्री, तू परत गेलीस आणि घर फार मोठं वाटायला लागलं. हे पान तुझ्यासाठी. माझ्यानंतर गोंधळ नको.

बाबांचा ॲप्रन लॉजला द्यायचा. नवीन येणाऱ्या कोणाला तरी होईल, पट्टी मात्र बदलावी लागेल. पदक आल्हादकडे. ते नको म्हणतील, तरी द्यायचं. बाबांचा मायक्रोमीटर तुझ्या लेकीला, इराला. तिला सांग, आजोबा आधी शून्य तपासायचे, मगच माप घ्यायचे. त्यांची काठी सहादूची. त्याला लागत नाही असं तो म्हणेल, पण त्याचंही वय होतंय. मानपत्रांच्या चौकटी कोणाला हव्या असतील तर द्या, कागद आतच राहू देत. तुझ्यासाठी चामडी पेटी, स्कूटर बंद पडली तेव्हा मी डोक्यावर घेतली होती ती. आणि ही वही. अकरा ऑक्टोबरचं पान वाचशील तेव्हा तेवीस नोव्हेंबरचंही वाच.

माझ्या पाटल्या छायाला. रेडिओही. दाराबाहेरची वेताची खुर्ची तिने स्वतः मागितली आहे. तिच्या अंगणात ठेवणार म्हणते, फुलं गुंफायला बसायला.

हातमोजे माझ्या हातांत घालायचे. अंगठ्यावर डाग आहे, तो काढायच्या भानगडीत कोणी पडू नये.

तो दीड पानांचा कागद शोधू नकोस, तो सापडणार नाही. पाठ झाला की मी तो निरांजनावर धरणार आहे. रोज सातला छाया समोर बसून माझी उजळणी घेते. तिला तो सगळा येतो, माझा एक शब्द इकडचा तिकडे झाला की थांबवते. काल मी तिला म्हटलं, अर्थ सांगू का? म्हणाली, "नको काकू. तुमचं हाय ते."

अजून दोन ओळी राहिल्यात.